अंगारा शिवलेले एकवीस पट्टे

स्ट्रेचरचा पट्टा दिसायला अगदी साधा असतो. हिरव्या जाड निवारीचा वावभर तुकडा आणि एका टोकाला लोखंडी बकल. निवार बकलातून ओवायची, चार बोटं मागं दुमडायची आणि त्या दुमडीवर चौकोनी शिलाई मारायची. चौकोनाच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. चौकोन निवार जागेवर धरतो. झटका बसला तर तो फुली झेलते. एका स्ट्रेचरला असे चार पट्टे लागतात. जखमी जवानाला त्यांनी बांधतात आणि डोंगरावरून खाली आणतात.

हे मी आज कुणालाही उभ्या उभ्या सांगू शकते. दोन वर्षांपूर्वी मात्र फुली कशासाठी असते हे मला ठाऊक नव्हतं. नमुन्याच्या पट्ट्यावर होती म्हणून आम्ही मारत होतो.

मानवतला, जिथं पूर्वी कापसाच्या गाठी ठेवत त्या गोदामात, आमचं बायकांचं शिलाई केंद्र आहे. आम्ही बारा जणी, नऊ मशीन. सुरुवातीला उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवले. मग जालन्याच्या एका ठेकेदारानं फौजेच्या स्ट्रेचरचे पट्टे शिवायला दिले. त्यानं वर कुणाकडून काम घेतलं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं. पण 'फौज' हा शब्द आमच्या गोदामात शिरला आणि बायका जरा ताठ बसायला लागल्या. एकीचा नवरा तर किराणा दुकानात सांगून आला की आमच्या घरचा धागा आता सरहद्दीवर जायलाय.

केंद्राची जबाबदारी माझ्याकडे. मला याद्या केल्याशिवाय काम सुचत नाही. भिंतीवर तपासणीची यादी लावलेली होती: लांबी, रंग, बकल लागतं-सुटतं का, कडा, लोंबते धागे, चौकोन, फुली. सात मुद्दे. प्रत्येक पट्टा माझ्या टेबलावर यायचा, मी सात खुणा करायची आणि दहा-दहाच्या गठ्ठ्यावर सही. बायका यावरून माझी चेष्टा करत. ताई मेल्यावर वर गेल्या तर आधी देवाची हजेरी घेतील, असं एकीनं म्हटलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

शिवाय कुणी सांगितलेलं नसताना मी एक चाचणी सुरू केली होती. दर दहातला एक पट्टा छताच्या लोखंडी तुळईला अडकवायचा, खाली सोयाबीनची दोन पोती बांधायची आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. एकही पट्टा कधी तुटला नाही. त्याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

तरी एक गोष्ट खुपत होती. आमच्यातल्या कुणीही सरकारी दवाखान्याबाहेर स्ट्रेचर वापरात बघितलेलं नव्हतं. यादी मी केली होती, पण यादीतले प्रश्न बरोबर आहेत की नाहीत हे कुणाला विचारायचं? परभणीत माझ्या बहिणीच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. मी त्यांना फोन केला. म्हटलं, साहेब, एकदा येऊन आमचं काम बघाल का? चहा चांगला करता का, एवढंच त्यांनी विचारलं आणि दोन दिवसांनी कापडी पिशवी खांद्याला लावून एसटीनं आले.

आधी त्यांनी यादी वाचली. मग चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं, बघायचं संपलं. त्यांनी उघड्या खोक्यातून एक पट्टा घेतला, डोळे मिटले आणि दुमडीवरून अंगठा फिरवायला लागले. एक झाला की बाजूला, मग दुसरा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला तर वाटलं, जप करताहेत. ते म्हणाले, वर डोंगरावर थंडीत अंधारात सामान हातात यायचं, तेव्हा डोळ्याचा काही उपयोग नसायचा. अंगठ्याची सवय तेव्हापासूनची.

पाचव्या की सहाव्या पट्ट्यावर अंगठा थांबला. त्यांनी तो पट्टा माझ्या हातात दिला. मी बघितलं. चौकोन होता, फुली होती.

"बघू नका," ते म्हणाले. "बोट लावा."

मी बोट लावलं. फुलीच्या बरोबर मध्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढा फुगवटा होता. आणि तिथं फुलीचा धागा निवारीत शिरलेलाच नव्हता. एका बाजूनं येऊन तो फुगवट्यावरून नुसता पलीकडे गेला होता, ओढ्यावर टाकलेल्या फळीसारखा. हातभर अंतरावरून ती फुली दिसत होती. बोटाला ती फुली नव्हती.

मी म्हटलं, धाग्याची गाठ असेल. आणि लगेच हेही म्हटलं की आमचे पट्टे दोन पोती पेलतात. ते म्हणाले, लावा. आम्ही तोच पट्टा तुळईला अडकवला, दोन पोती बांधली. पट्ट्यानं पेलली. मी जरा सैलावले. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखं वाटलं. सुभेदार साहेबांनी चहा संपवला, मग एक पोतं सोडायला लावलं. उरलेलं पोतं दोघींच्या मदतीनं छातीइतकं वर उचलून धरलं आणि सोडून दिलं.

बकल तुळईलाच राहिलं. पोतं फरशीवर आदळून फुटलं आणि सोयाबीन मशीनखाली पार भिंतीपर्यंत पळालं. उसवलेल्या दुमडीतून राखाडी चिमूटभर काहीतरी खाली आलं आणि त्यामागून वर्तमानपत्राच्या कागदाची एवढीशी घडी.

"माणूस पोत्यासारखा लटकत नाही ताई," ते म्हणाले. "उचलणाऱ्याचा पाय घसरतो, तेव्हा तो असा आदळतो."

सोयाबीन वेचायला कुणी वाकलं नाही. ती घडी सगळ्यांनी ओळखली होती. आमच्या भागात प्रत्येक घरात देवाच्या तसबिरीमागं तशी पुडी असते. अंगारा.

"माझंच हाय ते," तिसऱ्या मशीनवरून मावशी म्हणाली. ती बसलेलीच होती, पाय अजून पायट्यावर. "पोखर्णीचा हाय. एकवीस पट्ट्यात घातलाय."

मावशी आमच्यातली सगळ्यांत मोठी. शेजारच्या गावात तीन एकर कोरडवाहू, नवरा शेतात, एकुलता मुलगा फौजेत. तिचा हात आमच्यात सगळ्यांत सरळ, म्हणून बकलाकडची दुमड शिवायचं काम मी तिलाच दिलेलं. तिनं जे सांगितलं ते असं. मुलाचा फोन आला होता. त्याच्या सोबतच्या एकाला बर्फातून घसरल्यावर स्ट्रेचरवरून खाली आणलं, असं त्यानं बोलता बोलता सांगितलं. हिनं विचारलं, कसं बांधत्यात रे? तो म्हणाला, पट्ट्यानं, आणि कशानं. केंद्राच्या पुढच्या सुट्टीला ती पोखर्णीला गेली, नरसिंहाचा अंगारा आणला आणि एकवीस पट्ट्यांचा नवस बोलली. नुसता आपल्या मुलासाठी नव्हे. कोण बांधला जाईल ते तिला काय ठावं. ज्याला बांधतील त्याला नरसिंहानं धरावं, एवढंच तिचं मागणं.

मी विचारलं, मग फुली का सोडली?

तिला प्रश्नच कळला नाही असं तिनं माझ्याकडे बघितलं. "अंगाऱ्यातून सुई कशी घालू ताई? देवाचं हाय ते."

म्हणून पुडीपाशी आलं की ती मशीनचा पाय उचलायची, धागा पुडीवरून नेऊन पलीकडे टेकवायची आणि पुढं शिवायची. फुगवट्याशेजारी सुई टाके गाळत होती, तेही तिला जाणवलं होतं. पण देवाचं आत असताना पट्टा सुटेल हे तिच्या मनात यायला जागाच नव्हती.

मला फार राग आला. तो राग कुठून आला होता ते नंतर कळलं, पण त्या वेळी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आणि तुमच्याच पोराला ह्या पट्ट्यानं बांधलं असतं तर?"

असं बोलायला नको होतं. मावशी उठली, आपली कात्री माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. गोदामात मशीन बंद असली की बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज आत येतो. तो तेवढा येत राहिला.

सुभेदार साहेबांनी यादीकडे बोट केलं. "ताई, ह्या गठ्ठ्यावर सही कुणाची आहे?"

माझी. सातव्या मुद्द्यासमोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: फुली, पाहिली. खोटं नव्हतं ते. मी पाहिलीच होती.

मग ते एका पालथ्या खोक्यावर बसले आणि आम्हाला स्टोव्हची गोष्ट सांगितली. उपदेश म्हणून नाही. सोयाबीन गोळा करता करता, मध्येच एखादा दाणा पिशवीत टाकत. त्यांच्या तुकडीला एकदा रॉकेलचे नवे स्टोव्ह मिळाले होते. टाकीच्या झाकणाचा वायसर हलक्या प्रतीचा, रॉकेल झिरपायचं. परत पाठवायचे तर कागद करा, वाट बघा, तोवर थंडीत बसा. आमच्या सुभेदार साहेबांनीच युक्ती काढली. झाकणाखाली दोरा गुंडाळायचा आणि वरून कपड्याचा साबण दाबून बसवायचा. झिरपणं थांबलं. सगळ्यांनी शाबासकी दिली, शेजारच्या तुकडीनंही तेच केलं. दोन हिवाळे साबण टिकला. तिसऱ्या वर्षी एक स्टोव्ह भडकला आणि स्वयंपाक करणाऱ्या जवानाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. वरचे साहेब चौकशीला आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, स्टोव्ह खराब आहे हे दोन वर्षांत कुणी लिहून का कळवलं नाही?

"खराब सामान देणारा एक असतो," ते म्हणाले. "सांभाळून घेणारे आम्ही दहा. साबण मी लावला होता. चांगल्या मनानंच लावला होता."

हे ते मावशीकडे बघून बोलले. मावशी दारातून आत आली आणि खाली बसून सोयाबीन वेचायला लागली. त्या माणसाचे उपकार मी मोजायला बसले, तर पट्टा सापडला हा त्यातला दुसरा धरीन. पहिला हा.

मग कामाला लागलो. केंद्रात असलेला प्रत्येक पट्टा बाराही जणींनी डोळे मिटून बोटाखालून घातला. उसवलेला धरून नऊ निघाले. नऊ इथं, तर उरलेले बारा पट्टे पाच दिवसांपूर्वी जालन्याला गेलेल्या खोक्यांत. मावशीचा आकडा नवसाचा होता, त्यामुळे त्यात एक इकडे की तिकडे असा प्रश्न नव्हता. हा नवस नसता आणि तिनं मनाला येईल तसा अंगारा घातला असता, तर कुठं थांबायचं तेच आम्हाला कळलं नसतं. हे मला त्याच दिवशी सुचलं, पण रागात असल्यामुळं मी ते बोलले नाही.

बायकांत कुजबुज सुरू झाली. ठेकेदाराला सांगितलं तर तो काम काढून घेणार, हे सगळ्यांना दिसत होतं. गणवेशाचा हंगाम संपलेला. दोघींच्या घरी तर हेच एक काम. त्यातली एक म्हणाली, शेकड्यांनी पट्टे गेलेत, त्यात बारा; कुणाच्या वाट्याला यायलेत? सुभेदार साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, केंद्र तुमचं आहे, मी पाहुणा.

खालून, सोयाबीन वेचता वेचता, मावशी म्हणाली, "ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या येईलच की."

मी फोन लावला. ठेकेदार म्हणाला, माल बांधून झाला, उद्या दुपारी टेम्पो निघतोय, एखाददुसरा पट्टा उसवला तर आभाळ कोसळत नाही. मी म्हटलं, एखाददुसरा नाही, बारा; आणि आम्ही सकाळी येतोय. तुम्ही येऊन काय करणार मॅडम, असं त्यानं विचारलं. ते मलाही नीट माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मानवत रोडहून सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. सुभेदार साहेब परभणीहूनच त्या गाडीत बसून आले होते आणि आमच्यासाठी जागा धरून होते. मावशी खिडकीशी बसली. मांडीवर भाकरीचं फडकं. सेलू गेलं. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "मला काढा ताई. पण बायांचं काम जाऊ देऊ नका."

माझ्या पिशवीत कामांची यादी होती: नमुन्याचा पट्टा, कात्री, उसवायची सुई, वही, पाण्याच्या दोन बाटल्या. ह्या वाक्याला काय उत्तर द्यायचं ते त्यात नव्हतं. मी तिला पाणी दिलं. तिनं भाकरी सोडली, अर्धी मला दिली. आत लसणाची चटणी होती. ती मी खाल्ली, आणि त्यानंतर गाडीत जरा श्वास घेता आला.

जालन्याच्या गोदामात गेल्यावर कळलं की काम वाटलं होतं त्यापेक्षा मोठं आहे. ठेकेदारानं आमचे पट्टे आणखी दोन केंद्रांच्या पट्ट्यांत मिसळून पुन्हा बांधले होते. नऊ खोके उघडे होते, चार खोके शिक्क्याची पट्टी लावून टेम्पोत चढले होते. उघडे नऊ बघून घ्या, तो म्हणाला, टेम्पो दोनला सुटेल. त्यानं एक ताडपत्री टाकून दिली आणि पंखा आपल्या बाजूला वळवून घेतला.

आम्ही ताडपत्रीवर बसलो. अंगठा, पुढचा, अंगठा, पुढचा. तासाभरानं अंगठ्याची कातडी हुळहुळायला लागली. सुभेदार साहेबांचा वेग एकसारखा होता. मावशीला मात्र आपला हात ओळखू येत होता; अंगठा लावायच्या आधीच ती पट्टा बाजूला काढायची आणि तो बरोबर निघायचा. बाराच्या सुमाराला सात होते. त्यातच दुसऱ्या एका केंद्राचे दोन पट्टे असे निघाले की त्यांच्या फुलीचा धागाच अर्ध्यात तुटलेला. त्यात अंगारा नव्हता, नुसती घाई होती. सुभेदार साहेबांनी ते ठेकेदाराच्या टेबलावर ठेवले. त्यानं ते उचलले, ओढून बघितले, आणि पंखा थोडा आमच्याकडे वळवला.

नऊ खोके संपले तेव्हा आमच्याकडे अकरा पट्टे होते.

टेम्पोवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. ठेकेदार म्हणाला, झालं की. बाईंनी वीसच शिवले असतील, माणूस विसरतो.

"नवस हाय शेठ," मावशी म्हणाली. "मुलाचा वाढदिवस इसरन, नवसाचा आकडा न्हाई."

तो म्हणाला, शिक्का मारलेली पट्टी फोडायची म्हणजे पुन्हा सगळं बांधायचं, टेम्पो उद्यावर जातो, वरून बोलणी मी खाऊ का? तो वाईट माणूस नव्हता. त्याचाही वर कुणीतरी साहेब होता आणि त्या साहेबाचाही असेल. त्या ओळीत जो तो पुढच्याच्या पाठीकडे बघत उभा होता. ओळीच्या शेवटी स्ट्रेचर होतं, ते कुणालाच दिसत नव्हतं.

भांडण मला जमत नाही. मी वही काढली आणि लिहिलं. अमुक केंद्रातून आलेल्या मालात एक पट्टा सदोष आहे. तो सीलबंद चार खोक्यांपैकी एकात असण्याची शक्यता आहे. ही माहिती आज माल सुटण्यापूर्वी तोंडी आणि लेखी दिली आहे. खाली माझी सही, तारीख, वेळ. आणि त्याखाली: माहिती मिळाली, माल पाठवत आहे. पुढं सहीसाठी जागा. पान फाडून त्याच्यासमोर ठेवलं, पेन ठेवलं.

त्यानं दोनदा वाचलं.

"ह्याच्यावर सही करून मी अडकू?"

"नका करू," मी म्हटलं. "मग खोका उघडा."

त्यानं माझ्याकडे, मग सुभेदार साहेबांकडे बघितलं. साहेब बाटलीतलं पाणी पीत होते, जणू हा विषय त्यांचा नव्हेच. टेम्पोवाल्याला हाक गेली. चार खोके उतरले.

पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यातही नाही. ठेकेदार कंटाळून स्वतःच येऊन ताडपत्रीवर बसला. आधी भराभर, मग आमचं बघून डोळे मिटून. तिसरा खोका अर्धा झाला असेल, तेव्हा त्याचा हात थांबला. त्यानं डोळे उघडले नाहीत. अंगठा एकदा मागं, एकदा पुढं, पुन्हा मागं नेला.

"हे काय?"

मावशीनं पट्टा घेऊन दुमड उसवली, पुडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती उघडली. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं चिमूट घेतली, कपाळाला लावली, उरलेली पुडी शर्टाच्या खिशात टाकली आणि टेम्पोवाल्यावर ओरडला की बघत काय उभा राहिलास, पट्टीचा रोल आण.

परतीच्या गाडीत सुभेदार साहेब बसल्या बसल्या झोपले. मावशीनं उरलेल्या अकरा दुमडी उसवून निवार वेगळी, बकलं वेगळी केली, पुड्या पदराच्या टोकाला बांधल्या. मानवत रोडला उतरेपर्यंत तिचं काम झालं होतं.

पुढचे दोन महिने ठेकेदारानं आम्हाला पट्टे दिले नाहीत. रागानं की वरून कुणी बोललं म्हणून, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही पुन्हा अभ्रे शिवले. घरात ओढाताण असलेल्या त्या दोघींतली एक एकदा फणकाऱ्यानं म्हणाली की देवाला पट्ट्यात कोंडलं म्हणून आपण उशा शिवायलोत. बाकीच्या हसल्या आणि ती स्वतःही हसली. त्यापलीकडे मावशीला कुणी काही बोललं नाही. ह्याबद्दल मी त्या दहा जणींची ऋणी आहे, कारण ओढाताणीच्या दिवसांत एवढंही सोपं नसतं.

जालन्याहून आल्यापासून मावशी मात्र यायची बंद झाली होती. तिची कात्री माझ्या टेबलावर तशीच होती. चौथ्या दिवशी मी ती पिशवीत घातली आणि तिच्या गावी गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी म्हटलं, मावशी, पोरावरून बोलले ते चुकलं. सही माझी होती, राग मला माझाच आला होता. तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, तुमी बोललाव ते खरंच होतं, म्हणून लागलं. मग तिनं सांगितलं की मुलाला फोनवर सगळं कळवलंय. तो आधी पोट धरून हसला. आणि मग म्हणाला, "आई, अंगारा मला पाकिटातून धाड. पट्ट्यात फुली घाल."

तिनं हे दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा त्याच्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी ती आली. दोन महिन्यांनी पट्टेही आले, आणि त्यांच्यासोबत ठेकेदाराचा निरोप की ती भिंतीवरची यादी बाकी दोन केंद्रांनाही पाठवा. पाठवली, पण आधी दुरुस्त करून. सातव्या मुद्द्यात 'पाहिली' खोडून 'बोट फिरवले' केलं. पोती टांगणं बंद केलं, आता सोडून देतो. त्यासाठी फरशीवर जुनी गादी टाकलीय. आठवा मुद्दा नवा: शिवणारीला विचारणे, आत काही आहे का? हा प्रश्न मी रोज प्रत्येकीला विचारते आणि रोज कुणीतरी म्हणते, माझा नवरा घातलाय ताई, सोडवू नका. मावशी नुसता पट्टा पुढं करते. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी ती सगळ्यांच्या कपाळाला अंगारा लावते, माझ्याही. तेवढ्यावर तिचा नरसिंह राजी आहे, असं ती म्हणते.

सुभेदार साहेब वर्षातून दोनदा येतात, डोळे मिटून बसतात, चहा पितात. त्यांना आजवर दुसरा फुगवटा सापडलेला नाही. ते प्रत्येक वेळी म्हणतात, शोधणं सोडू नका.

आमचे पट्टे कुठं जातात ते आम्हाला कधीच कळणार नाही. कुणाला कुठल्या उतारावरून आणलं, तो कुठल्या गावचा होता, पोचला का. ह्यातलं काही मानवतपर्यंत येत नाही. माझ्या वहीत शेवटचा रकाना तक्रारीचा आहे. महिनाअखेरीला ठेकेदाराला फोन करून मी विचारते, पट्ट्यांबद्दल वरून काही आलं का? तो म्हणतो, नाही मॅडम, काहीच नाही. मी रकान्यात 'काही नाही' लिहिते, आणि मावशी आपल्या मशीनवरून मान वर करून माझ्याकडे बघते. मी मान हलवते. ती पुन्हा शिवायला लागते.